जिन्याच्या पोकळीतली टोपली

एका टोपलीत उकडलेलं अंडं, ब्रेड, आणि रुमालात गुंडाळलेलं दाढीचं ब्लेड.

“प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. वरच्या मजल्याकडे जाणारा नाश्ता सुटण्याच्या बेतात आहे.”

लाल पत्रा, त्यावर पांढरी अक्षरं: काम चालू आहे. हात लावू नये.

जिन्याच्या चौथ्या पायरीवर डाव्या पायाची चप्पल. तिच्यावर धूळ.

“बाबा आंघोळीला गेलेत रे.”
“परत? आई, मी फोन केला की बाबा आंघोळीलाच असतात.”

एक हनुवटी. खालून पाहिलेली.

गार झालेल्या सुपावर धरलेली पातळ साय.

हे सगळं एकाच घरातलं, आणि ते घर दोनच माणसांचं. मिस्त्री लिफ्ट दुरुस्त करायचे. उभी हयात त्यांनी लोकांना वर-खाली करण्यात घालवली, आणि स्वतः राहिले जिन्याच्या घरात. त्यांच्या बायकोची नोकरी बसस्थानकावर. कुठली गाडी कुठे लागली, कुठली रद्द झाली, कोणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडतंय, हे ती माइकवरून सांगायची. दोघं निवृत्त होऊन जमाना झाला, तरी घरात तिचा आवाज तसाच वाजायचा. मिस्त्री तिला उद्घोषिकाबाई म्हणायचे. ती त्यांना अहो म्हणायची, आणि रागावली की मिस्त्री.

जिना तीन भिंतींना धरून वळत वर जातो. मधे पोकळी. स्वयंपाकघर, मोरी आणि संडास खाली, झोपायची खोली आणि न्हाणीघर वर. दीड महिना झाला, मिस्त्री वर राहतात आणि ती खाली.

भांडण नाही. भांडण असतं तर मिटलं तरी असतं.

*

कसं झालं ते, थोडक्यात

मिस्त्रींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. अँब्युलन्सच्या दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून, खुर्चीसकट उचलून थेट वर पलंगावर नेऊन ठेवलं. पलंग वरच होता. “खाली उतरवायचं तेव्हा बोलवा,” म्हणाले आणि गेले. मिस्त्री वॉकर घेऊन वरच्या मजल्यावर फिरायला लागले, पण जिना उतरायचं म्हटलं की गुडघ्याखाली पाय आहे की नाही याचीच त्यांना खात्री वाटेना.

मग एकदा जेवणाचा ट्रे घेऊन उतरताना ती घसरली. चारच पायऱ्या. ताट, वाट्या, चमचे तिच्या आधी खाली पोचले. मनगट मुरगळलं, बाकी काही झालं नाही. डॉक्टर म्हणाले, नशीब. पण त्या दिवसापासून तिचा पाय तिसऱ्या पायरीच्या वर जाईना. सपाट रस्त्यावर ती बाजार पालथा घालून यायची. जिन्यापुढे उभी राहिली की तळव्यांना घाम, कानात शिट्टी, आणि मांड्या कोणीतरी दुसऱ्याच्याच असल्यासारख्या. पडताना निघालेली चप्पल चौथ्या पायरीवर राहिली. ती उचलायला फक्त वाकायला हवं होतं. तेवढंही जमलं नाही.

तेव्हा मिस्त्रींनी वरच्या छताच्या हुकाला कप्पी लावली, दोरी सोडली आणि टोपली बांधली. दोरीला एक झटका म्हणजे थांब, दोन म्हणजे ओढ.

एवढ्यावर संसार चालू राहिला. ती खालून पोकळीत मान वर करायची, तेव्हा तिला नवऱ्याची हनुवटी दिसायची आणि कठड्यावरची बोटं. त्यांना वरून तिचा भांग दिसायचा.

“तुझे केस विरळ झालेत गं.”

“आणि तुमच्या हनुवटीखाली दुसरी हनुवटी आलीय. खाऊन खाऊन. टोपली उद्यापासून अर्धी पाठवते.”

मुलाला यातलं काही ठाऊक नव्हतं. ऑपरेशनच्या वेळीच तो म्हणाला होता, “आई, तू आमच्याकडे ये. बाबांना थोडे दिवस वृद्धांच्या केंद्रात ठेवू. तिथे लिफ्ट आहे, नर्स आहे, सगळं आहे. माझ्याकडे एकच खोली रिकामी आहे गं, आणि तीही लहान.” वाईट मुलगा नव्हे. खोली खरोखरच लहान होती. पण ‘थोडे दिवस’ म्हणताना त्याने आईकडे पाहिलं नव्हतं, आणि तिने ते पाहिलं होतं.

म्हणून फोन आला की बाबा आंघोळीला. किंवा बाबा झोपलेत. किंवा वरून आरोळी: “मी ठीक आहे रे!”

“बाबा एवढे ओरडतात कशाला?”

“कानाला कमी ऐकू येतं हल्ली.”

मिस्त्रींचा मोबाइल पोकळीतून पडून फुटला होता. तिचा मोबाइल चार्जरला जोडलेला असेल तरच जिवंत, वायर काढली की मेला. तो स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असायचा, भिंतीला बांधलेल्या वासरासारखा. नवा घ्यायचा तर मुलाला सांगायला हवं, आणि मुलगा आणून द्यायला येणार. तेव्हा राहू दे.

*

खाली

त्या दिवशी चहाची टोपली वर गेली आणि परत आली तेव्हा कप नव्हता. टोपलीच्या कडीला लाल पाटी अडकवलेली होती.

ती हसली. “अहो, काय आता नवीन?”

“पाटी वाच.”

“वाचली. म्हणून तर विचारतेय.”

“मग पाटी वाचून कोणी विचारतं का? सरप्राइज आहे. बस जा.”

ही पाटी मिस्त्रींनी नोकरीतून आणलेली एकच वस्तू. लिफ्टच्या कामात ती मुख्य बटणावर लावतात. लावली की मालक असो, मंत्री असो, कोणी हात लावायचा नाही, आणि ज्याने लावली त्यानेच काढायची. एकदा कुठल्याशा इमारतीत वॉचमनने घाई केली आणि मिस्त्रींच्या जोडीदाराची दोन बोटं गेली. तेव्हापासून घरात रेडिओ उघडतानाही ते पाटी लावत. पाटी असेपर्यंत हाक मारायची नाही, कारण दचकलं की हात चुकतो. चहा विचारायचा नाही. खोलीत पाऊल टाकायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिने हा नियम एकदा मोडला होता आणि मिस्त्री तीन दिवस बोलले नव्हते. पुन्हा तिने कधी मोडला नाही. पाटी म्हणजे पाटी.

ती सोफ्यावर बसली. वर ठोकाठोकी. काहीतरी जड ओढल्याचा आवाज. मग स्क्रू फिरवतानाची करकर, बराच वेळ. मधेच मिस्त्रींची शीळ. काम मनासारखं चाललं की ते शीळ घालत, आणि बेसूर घालत. पोकळीतून लाकडाचा भुसा खाली येत होता, उन्हात चमकत. मोठा बेत दिसतोय, ती मनात म्हणाली, आणि सूप गॅसवर ठेवायला गेली.

मग धप्प.

मग एक स्क्रू पोकळीतून खाली आला, फरशीवर टणटण उडाला आणि सोफ्याखाली गेला.

मग काही नाही.

ती हातात डाव घेऊन उभी. कान वर.

पडलं असेल काहीतरी. हातोडा पडला असेल. आता शिवी येईल. मिस्त्रींच्या हातून काही पडलं की आधी शिवी, मग शीळ. ती शिवीची वाट बघत राहिली. इतक्या वर्षांत त्या शिवीची एवढी आस तिला कधी लागली नव्हती.

शिवी आली नाही.

ती पोकळीखाली जाऊन उभी राहिली. वर कप्पी, छताचा हूक, खुर्चीचा एक पाय कडेबाहेर आलेला. हनुवटी नाही. बोटं नाहीत. टोपली तिच्या नाकासमोर, पाटीसकट.

काम चालू आहे.

असेलही चालू. मोजमाप घेत असतील. मोजमापाला आवाज होत नाही. तिने दोरीला दोन झटके दिले, अगदी हलके, न दिल्यासारखे. कप्पी कुरकुरली. वरून कोणी ओढलं नाही.

हात लावू नये. तिने दोरी सोडली.

आणि ती बसली. हे तिला पुढे कोणालाही समजावून सांगता येणार नव्हतं, की नवरा वर गप्प झाला असताना ती सोफ्यावर बसून राहिली, एका पत्र्याच्या तुकड्यामुळे. ऊन सोफ्यावरून उतरून फरशीवर गेलं. सुपावर साय आली. वर न्हाणीघरातला नळ थेंब थेंब टपकत होता, आणि प्रत्येक थेंबाला तिला वाटायचं, हे पाऊल.

शेजारी इस्त्रीचं दुकान होतं. इस्त्रीवाली बाई जिवाला जीव देणारी, हाक मारायचा अवकाश, धावत आली असती. पण तिच्या पोटात तीळ भिजत नसे, आणि मुलाचा नंबर तिच्या दुकानातल्या भिंतीवर खडूने लिहिलेला होता. मुलानेच लिहून ठेवला होता. तिला सांगणं म्हणजे त्याला सांगणं. त्याला सांगणं म्हणजे आई इकडे, बाबा तिकडे.

ती दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला. पलीकडून इस्त्रीच्या वाफेचा फुस्स आवाज आला, इतका जवळून की जणू भिंत नाहीच. तिने हात काढला. परत आली. पुन्हा गेली. पुन्हा परत आली. दार, पोकळी, दार, पोकळी. बसस्थानकावर गाडी चुकलेली माणसं अशी फिरताना तिने पाहिली होती आणि खिडकीतून त्यांना हसली होती.

“अहो.”

तोंडातल्या तोंडात. मग मोठ्याने. मग माइकच्या आवाजात, जो तीन फलाटांवर पोचायचा.

“अहो! पाटी गेली खड्ड्यात! बोला!”

नळाचा थेंब.

आणि मग, अगदी बारीक, श्वास. माणूस दात आवळून श्वास घेतो तसा.

*

मधे

पहिली पायरी. दुसरी. तिसरी.

इथे मांड्या गेल्या. दोन्ही हातांनी तिने कठडा आवळला आणि डोळे मिटले. मिटल्यावर जिना जास्तच उभा झाला, म्हणून उघडले. चौथ्या पायरीवर चप्पल. ती ओलांडायची की उचलायची? उचलायची तर वाकायला हवं. वाकलं तर डोकं खाली, पाय वर, आणि मग ताट, वाट्या, चमचे. तिने पायाच्या बोटाने चप्पल ढकलली. ती कडेने पोकळीत गेली आणि खाली पडली. फट्. केवढा हा आवाज! आपण पडलो तर केवढा होईल?

पाचवी. ती बोलायला लागली, कारण गप्प राहिली असती तर रडली असती.

“वरच्या मजल्याकडे जाणारी गाडी उशिराने धावत आहे. प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल.” पुढचा शब्द आठवेना. नोकरीत लाख वेळा म्हटलेला शब्द. “गैरसोयीबद्दल. गैरसोयीबद्दल.”

पहिलं वळण. इथे भिंतीवर मुलाचा शाळेतला फोटो. दीड महिन्यात तिने तो पाहिला नव्हता. फोटोतल्या मुलाला समोरचे दोन दात नव्हते. त्याच्याकडे न बघता ती पुढे गेली.

आता खाली पाहायचं नाही. तिने पाहिलं. पोकळीच्या तळाशी फरशी, फरशीवर उलटी चप्पल, आणि ती चप्पल वाटीएवढी दिसत होती. कानातली शिट्टी वाढली. तिने कठड्याला छातीशी धरलं, लहान मूल खांबाला धरतं तसं, आणि पुढचा हात कठड्याच्या वरच्या टप्प्यावर टाकला.

“अगं, सोड!”

ती जागच्या जागी थिजली.

“कठडा सोड! हात लावू नकोस, वरचे सगळे स्क्रू काढलेत मी!”

हाताखाली कठडा हलला. हलला म्हणजे पोकळीकडे झुकला, कपाटाचं दार उघडतं तसा, संथपणे, तिच्या वजनासकट. तिने सोडला. म्हणजे हातांनी सोडला. तीच मागे भिंतीवर आदळली आणि घसरत पायरीवर बसली. कठड्याचा वरचा तुकडा क्षणभर तसाच तिरका राहिला. मग लाकूड कडकडलं आणि तो खाली गेला. दणका ऐकून शेजारच्या इस्त्रीचा आवाज थांबला.

दोघं श्वास रोखून राहिली. ती पायरीवर, मिस्त्री वर कुठेतरी. इस्त्रीवाली येतेय का?

फुस्स. इस्त्री पुन्हा सुरू झाली.

आणि तिला कळेना, हायसं वाटून घ्यावं की रडावं.

“लागलं का गं?”

“जिवंत आहात म्हणजे.”

“लागलं का ते सांग.”

“इतका वेळ तोंडात काय कोंबलं होतं, मिस्त्री? मी खाली अर्धी मेले.”

तिने दोन्ही तळहात पुढच्या पायरीवर टेकले आणि रांगायला लागली. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तिने आपला खांदा, गाल, कान सगळं भिंतीला लावलं आणि घासत वर गेली. गालाचं कातडं सोलत होतं. बरं वाटत होतं. भिंत आहे म्हणून तर सोलतंय.

*

वर

मिस्त्री जिन्याच्या तोंडाशी आडवे पडले होते. त्यांच्या पायावर खुर्ची टांगायला केलेली लोखंडी चौकट, तिच्यावर अँब्युलन्सवाल्यांनी त्यांना जिच्यातून वर आणलं ती जुनी खुर्ची, खुर्चीला बांधलेले जाड पट्टे. ऑपरेशन झालेला पाय अशा दिशेला वळलेला होता की तिने पटकन दुसरीकडे पाहिलं. शर्टाची बाही चावून चावून ओली झाली होती.

दीड महिन्याने तिने नवऱ्याचा चेहरा पाहिला. हनुवटीच्या वर एवढं सगळं असतं, हे ती विसरूनच गेली होती.

“हे काय?”

“लिफ्ट.”

“लिफ्ट?”

“खुर्ची पट्ट्यांवर. कठडा काढून पोकळीतून खाली सोडायची. वजन मापून घेतलं होतं. आज दुपारचं सूप मी खाली येऊन तुझ्याबरोबर पिणार होतो.” त्यांनी ओठ चाटले. “चौकटीचा एक बोल्ट आखूड निघाला.”

ती चौकटीला हात घालायला गेली. मिस्त्री किंचाळले. तिने हात मागे घेतला. पलंगावरची चादर ओढून आणली, त्यांच्यावर घातली. त्यांचे हात बर्फासारखे होते. दिवसाढवळ्या, घरात, बर्फासारखे.

“हाक का नाही मारली तुम्ही?”

“मारली असती तर तू आली असतीस.”

“आलेच ना!”

“म्हणूनच. अगं, तू वर चढतेयस आणि कठडा सुटा आहे. मी इथे पडून तुझा हात त्याच्यावर येताना ऐकणार. दुसरं काही येत नव्हतं डोक्यात. म्हटलं गप्प राहिलो तर पाटी बघून खालीच बसेल. तू पाटी मानतेस. आणि चढलीसच तर तिसऱ्या पायरीवरून परत फिरशील.”

ती पाटी मानत होती म्हणून ते इतका वेळ गारठत पडले होते. ती पाटी मानत नसती तर धप्प ऐकताच, घाईत, दोन्ही हातांनी कठडा ओढत चढली असती. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि तिला दोन्हींची सारखीच भीती वाटली.

मिस्त्रींचा पाय चादरीखाली सुजत होता. डोळ्यांदेखत. नखं निळी.

“फोन करायला हवा,” ती म्हणाली.

“नको.”

“अहो, पाय बघा.”

“बघितला. थोडं थांब. सकाळी दूधवाला येईल, तो आणि मी मिळून...”

“तुम्ही कोणाशी मिळून काय करणार? तुम्हाला बसता येत नाहीये.”

“मुलाला कळलं तर तो तुला नेईल.” मिस्त्रींनी तिचं मनगट धरलं, मुरगळलेलंच. पकड ढिली होती, पण सुटत नव्हती. “मला त्या केंद्रात टाकतील आणि तुला त्या छोट्या खोलीत. वरून तुझा भांग तरी दिसतो गं इथे.”

तिला ते सगळं दिसलं. तिची पेटी मुलाच्या गाडीत. त्यांचा वॉकर दुसऱ्या गाडीत. दोन दारं, एकाच वेळी लागलेली. याच्यापुढे तो जिना काहीच नव्हता. जिन्यावर निदान भिंत होती.

मिस्त्रींचे दात एकदम वाजायला लागले. थांबेनात.

तिने मनगट सोडवून घेतलं.

“उद्घोषिकाबाई,” ते म्हणाले. “नको ना.”

*

मधे

उतरणं चढण्यासारखं नसतं. चढताना जिना तोंडासमोर असतो.

ती बसून उतरली. एक पायरी, मग बूड पुढे, मग दुसरी. डाव्या बाजूला भिंत, उजवीकडे कठडा नसलेली हवा. प्रत्येक पायरीला तिला खात्री वाटायची की पुढची नाही. कधी नव्हतीच. वरून मिस्त्री तिच्याशी बोलत राहिले, फोन नको म्हणून नव्हे आता. “हळू. टाच टेकव आधी. टेकली? आता पुढे. खाली बघू नकोस, भिंतीकडे बघ.” आवाज दर वेळी थोडा लांब जात होता आणि थोडा बारीक होत होता, आणि शेवटच्या वळणावर तो आलाच नाही. तिने हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली.

“आहे,” मिस्त्री म्हणाले. “जा.”

*

खाली

फोनवर तिचं बोट तीनदा चुकलं.

“हं आई, बोल. आज तूच फोन केलास?”

“तुझे बाबा वर आहेत,” ती म्हणाली. “मी खाली आहे.”

“बरं. मग?”

तिने सांगितलं. टोपली, दोरी, आंघोळी, सगळं. मधे मधे मुलगा “काय?” म्हणत होता. मग म्हणायचा थांबला. मग म्हणाला, “अँब्युलन्स पाठवतो. दार उघडून ठेव. मी निघालोच.” आवाज रागाचा होता की रडका, तिला ओळखता आलं नाही.

दार उघडून ती पोकळीखाली येऊन उभी राहिली. मान वर केली. हनुवटी दिसण्याचं आज काही कारण नव्हतं.

“काय म्हणाला?” वरून आवाज.

“येतोय.”

“कोणाला न्यायला?”

“विचारलं नाही,” ती म्हणाली.

घर घ्यायच्या वेळी दलालाने त्यांना याच गल्लीतलं दुसरं घर आधी दाखवलं होतं, एकाच मजल्याचं. दोघांनाही ते अंधारं वाटलं होतं.